देवगडच्या पावसात लाकडी सांगाडा की काँक्रीट ब्लॉक?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. देवगड तालुक्यात, समुद्रापासून चार किलोमीटरवर, सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, उतारावर वडिलोपार्जित जागा आहे. तिथे अकराशे चौरस फुटांचं बैठं घर आणि वर पोटमाळा बांधायचा आहे. टोरंटोला राहणारा भाऊ म्हणतो, त्याच्या घरासारखा लाकडी सांगाडा करू, तीन महिन्यांत घर उभं राहील, भूकंपालाही चांगलं. गावातला ठेकेदार म्हणतो, सहा इंची काँक्रीट ब्लॉक लावू, दुसरा विचारच करू नका.

मी सिव्हिल इंजिनीअर आहे, सत्तावीस वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरंच बांधतेय. माझं उत्तर आधीच सांगते: भिंती ब्लॉकच्या किंवा चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घ्या, आणि लाकूड छपराला वापरा. पण ठेकेदार म्हणतो तसं डोळे मिटूनही ब्लॉक लावू नका. ब्लॉकच्या घरांत गळती आणि भेगा मी इतक्या पाहिल्यात की ‘ब्लॉक लावला की झालं’ हे वाक्य ऐकलं तरी मला काळजी वाटते.

आधी भावाची बाजू, कारण तो चुकीचं बोलत नाहीये. कॅनडातल्या घराची भिंत म्हणजे सोळा-सोळा इंचांवर उभे केलेले पाइन-स्प्रूसचे दांडे, बाहेरून फळ्या, आतून जिप्समचा बोर्ड आणि मधल्या पोकळीत उष्णतारोधक लोकर. बाहेर उणे वीस अंश असताना आत माणूस सदऱ्यावर बसू शकतो, ते त्या लोकरीमुळे. नुसत्या ब्लॉकच्या भिंतीत तिथे हिवाळा काढणं अवघड. शिवाय मापात कापलेलं, वाळवलेलं लाकूड तिथे जवळच्या दुकानात मिळतं आणि हे काम रोज करणारे सुतार गावोगाव असतात. त्या हवेत, त्या बाजारपेठेत ते घर बरोबरच आहे.

आता तीच भिंत जुलैत देवगडला आणून उभी करा. बाहेर २८ अंश, हवेत ९० टक्के आर्द्रता. अशा हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे २६ अंशांपेक्षा गार अशा कुठल्याही पृष्ठभागावर तिचं पाणी होणार. तुम्ही आत एसी २४ वर ठेवलात तर तो गार पृष्ठभाग भिंतीच्या आतच असतो, जिप्सम बोर्डाच्या मागे. कॅनडात प्लॅस्टिकचा कागद भिंतीच्या आतल्या बाजूला लावतात, कारण तिथे हिवाळ्यात घरातली उबदार ओल बाहेर जाऊ पाहते. आपल्याकडे एसी लावला की ओल उलटी, बाहेरून आत येते आणि त्याच कागदाच्या मागे अडकून बसते. भावाच्या घराचा नकाशा जसाच्या तसा आणला तर भिंत आतून घामेजते, आणि ते तुम्हाला दिसत नाही. लाकडात ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशीला वाव मिळतो. कोकणात चार महिने तो त्या रेघेच्या आसपासच असतो. बाथरूमच्या नळाचा एक सांधा झिरपायला लागला की पुरे.

दहा-बारा वर्षांपूर्वी मला अशाच एका घराची पाहणी करायला बोलावलं होतं. सुट्टीपुरतं यायचं म्हणून एका कुटुंबानं आयात पाइनच्या सांगाड्यावर बांधून घेतलेलं घर, तिसरा पावसाळा नुकताच सरलेला. बाहेरून रंग झकास, आत फक्त बाथरूमच्या मागच्या भिंतीला कुबट वास. बोर्डाचा एक चौकोन कापला आणि खालच्या आडव्या पाटीवर पेचकस टेकवला, तर तो दोन इंच आत गेला, चहात बुडवलेल्या टोस्टमध्ये जावा तसा. त्याच्या बाजूच्या उभ्या दांड्यावर वाळवीची मातीची नळी होती, पायापासून थेट छपरापर्यंत. सगळी भिंत उघडी केल्यावर अकरा दांडे बदलावे लागले. ते काम करायला पुण्याहून माणसं आणावी लागली, कारण जवळच्या चांगल्या सुतारांनी दारं-खिडक्या आणि छपरं आयुष्यभर केली होती, पण असली भिंत कधी उघडून पाहिली नव्हती. लाकडाला औषध लावल्याचं मालकांना सांगितलं होतं. कापलेल्या टोकांवर त्याचा मागमूस नव्हता. औषधाचं लाकूड साइटवर कापलं की आतला भाग उघडा पडतो, तिथे औषध पुन्हा लावावंच लागतं.

आणि हे फक्त आपल्या सुतारांना जमत नाही म्हणून घडतं असं समजू नका. न्यूझीलंडमध्ये लाकडी घरं बांधायची शंभर-दीडशे वर्षांची परंपरा आहे. १९९० च्या दशकात तिथे औषध न लावलेलं पाइन सांगाड्याला वापरायची मुभा मिळाली आणि त्याच काळात आखूड वळचणी आणि बाहेरून सलग गिलाव्यासारखं आवरण यांची फॅशन आली. पाणी आत शिरलं, त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. हजारो घरांचे सांगाडे कुजले आणि सरकारला कायदे बदलावे लागले.

मग आपले जुने वाडे, आपली जुनी कौलारू घरं लाकडावरच शंभर-शंभर वर्षं कशी उभी राहिली? हा प्रश्न मला दर वेळी विचारतात आणि तो विचारायलाच हवा. माझ्या आजोळच्या घरात ऐनाचे खांब आणि किंजळाचे वासे होते. खांब जमिनीत पुरलेला नसायचा, दगडी तळखड्यावर टेकवलेला असायचा, त्यामुळे खालून ओल चढत नसे आणि वाळवी वर चढलीच तर तळखड्यावर तिची नळी दिसे. आजी केर काढता काढता ती केरसुणीनं मोडून टाकायची. लाकूड सगळं गाभ्याचं, बाहेरचा पांढरा भाग सुतार तासून टाकत. चुलीचा धूर रोज माळ्यावरून आणि वाशांमधून फिरून कौलांतून बाहेर पडे. त्यानं लाकूड काळं व्हायचं, पण कोरडं राहायचं आणि भुंग्यांना नकोसं व्हायचं. गॅस आल्यानंतर पाच-सहा वर्षांत त्याच वाशांखाली पिठासारखा भुगा पडायला लागलेला मी पाहिलाय. म्हणजे ते लाकूड टिकलं ते उघडं होतं म्हणून, रोज कुणाच्या तरी नजरेखाली होतं म्हणून. भावाच्या घरातलं लाकूड दोन बोर्डांच्या मध्ये कायमचं बंद केलेलं आहे. दोन्हींना आपण लाकडी घर म्हणतो, पण त्यांचं जगणं अगदी वेगळं.

भूकंपाबद्दल भाऊ म्हणतो ते खरं आहे. भूकंपात इमारतीवर येणारा जोर तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो. सहा इंची भरीव ब्लॉकची भिंत चौरस मीटरला सव्वातीनशे किलोच्या घरात जाते, गिलावा वेगळा. लाकडी सांगाड्याची भिंत याच्या पाव भागाचीही नसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जी माणसं गेली ती मुख्यतः जाडजूड दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली. काश्मीरमध्ये २००५ च्या भूकंपात लाकडी चौकटीत दगड-विटा भरलेल्या धज्जी-देवारी घरांनी चांगला तग धरला. त्यामुळे हिमालयात, जिथे हवा कोरडी आणि धोका मोठा, तिथे कुणी मला विचारलं तर मी लाकडाकडेच झुकेन. देवगड भूकंपाच्या तिसऱ्या विभागात धरलं जातं, आणि कोयना काही फार लांब नाही. १९६७ सालचा डिसेंबरचा धक्का आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतो. पण बैठ्या घराच्या भिंती सळया घातलेल्या काँक्रीटच्या आडव्या पट्ट्यांनी नीट बांधून घेतल्या तर ब्लॉकचं घर या विभागात सुरक्षित करता येतं. वाळवीपासून बंद लाकूड सुरक्षित करणं त्याहून कितीतरी अवघड.

आता ब्लॉक. इथे जरा सावकाश वाचा, कारण पैसे इथे जाणार आहेत.

ठेकेदार सहा इंची सांगतोय ते आतल्या भिंतींना ठीक. बाहेरच्या भिंती आठ इंची घ्या, निदान नैर्ऋत्येकडच्या आणि पश्चिमेकडच्या तरी. तुमची जागा उतारावर, समुद्राच्या तोंडावर आहे. तिथला पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. सहा इंची भिंतीत एक सांधा कच्चा राहिला की पाणी आत आलंच. आणि सांधे कच्चे राहतातच. गवंडी आडव्या थराला माल, म्हणजे कालवलेलं सिमेंट-वाळू, नीट पसरतो, पण उभ्या सांध्यात फक्त कडांना थापी मारून पुढे जातो. मधे पोकळ राहतं. वरून गिलावा झाला की कुणाला दिसत नाही. गिलावा सुरू करण्याआधी एका संध्याकाळी भिंतीच्या एका बाजूला दिवा लावा आणि दुसऱ्या बाजूला अंधारात उभे राहा. ज्या सांध्यातून उजेड येतो त्या सगळ्यांना खडूनं खूण करा आणि माल भरून घ्या. मी प्रत्येक साइटवर हे करते. गवंडी पहिल्या दिवशी वैतागतो, दुसऱ्या भिंतीपासून आपणहून सांधे भरतो.

ब्लॉकच्या भिंतीला जिन्यासारख्या पायरीपायरीनं भेगा जातात, त्याचं मुख्य कारण ताजा ब्लॉक. काँक्रीट सुकताना आकसतं. आयएस २१८५ या भारतीय मानकाप्रमाणे ब्लॉकला किमान १४ दिवस पाणी मारायचं आणि त्यानंतर साधारण चार आठवडे सावलीत वाळवायचं, मग तो भिंतीत लावायचा. म्हणजे साच्यातून निघाल्यापासून दीड महिना. प्रत्यक्षात मागणी वाढली की आठ-दहा दिवसांचे ब्लॉक ट्रकमध्ये चढतात. मग आकसणं भिंतीत होतं आणि भेग तुमच्या गिलाव्यावर येते. यावर उपाय साधा: ब्लॉक दसऱ्याच्या सुमारास विकत घ्या, साइटवर रचून वरून ताडपत्री टाका आणि डिसेंबरपर्यंत हात लावू नका. पाया आणि जोतं तोवर होऊ द्या.

ब्लॉक घेताना कारखान्यावर स्वतः जा. सोळा बाय आठ बाय सहाचा भरीव ब्लॉक काट्यावर ठेवा. पंचवीस किलोच्या आसपास भरायला हवा. वीसच्या खाली आला तर दाबणी कमी आहे. कोपरा गाडीच्या चावीनं खरवडा. वाळू सुटून हातात आली तर परत फिरा. चार-पाच ब्लॉक मोजपट्टीनं मोजा. उंचीत पाच मिलीमीटरचा फरक असेल तर गवंडी तो मालानं भरत बसतो आणि सांधे जाड होतात.

विटेसारखा ब्लॉक पाण्यात भिजवून लावायचा नाही. आपल्याकडचे जुने गवंडी सवयीनं भिजवतात. भिजलेला ब्लॉक भिंतीत पुन्हा आकसतो. ऊन कडक असेल तर नुसता पृष्ठभाग ओलसर करा, बस. सांध्याचा माल एकास सहाचा ठेवा, एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू. ‘जास्त सिमेंट, जास्त मजबूत’ असं म्हणून एकास तीन करू नका. सांधा ब्लॉकपेक्षा कडक झाला की भेग सांध्याऐवजी ब्लॉकमधून जाते, आणि ती दुरुस्त होत नाही.

पट्ट्यांबद्दल तडजोड करू नका. जोत्याला एक, लिंटलच्या (दार-खिडक्यांच्या माथ्यावरच्या तुळईच्या) पातळीला सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा एक, आणि छपराखाली एक. खिडकीवर तेवढाच लिंटल टाकून मधे सोडून दिला तर तो पट्टा नव्हे. मी सहा इंच जाडीच्या पट्ट्यात १० मिलीमीटरच्या चार सळया घालते, आणि घराच्या प्रत्येक कोपऱ्यात पायापासून छपराच्या पट्ट्यापर्यंत १२ मिलीमीटरची एक उभी सळई. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींवर उतारानं जाणारा पट्टाही हवा, कारण भूकंपात आणि वादळात तीच भिंत आधी बाहेर पडते.

सळया म्हटल्या की मिठाचा विषय आला. आयएस ४५६ मध्ये किनाऱ्यालगतची हवा ‘तीव्र’ वर्गात मोडते: सळई घातलेलं काँक्रीट किमान एम ३० प्रतीचं, आणि सळईवर ४५ मिलीमीटर काँक्रीटचं आवरण. गावाकडे अजून डोळ्याच्या अंदाजानं एकास दोनास चार (सिमेंट, वाळू, खडी) कालवतात आणि सळईखाली खडीचा तुकडा सरकवतात. दहा वर्षांत बीमचे पापुद्रे निघतात ते यामुळे. सळईखाली ठेवायला बाजारात काँक्रीटचे तयार ठोकळे मिळतात, तेच वापरा. आणि खाडीची वाळू कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, घ्या. गिलाव्याला बारीक चाळलेली.

ब्लॉकचा एक मोठा फायदा सांगायचा राहिला. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला, तेव्हा पाणी ओसरल्यावर मी तिथे काही घरं पाहायला गेले होते. ब्लॉकच्या आणि चिऱ्याच्या घरांत लोकांनी चिखल उपसला, पाइपनं भिंती धुतल्या आणि दिवाळीपर्यंत रंग दिला. प्लायवूडची फर्निचरं आणि जिप्समच्या भिंती मात्र उचलून रस्त्यावर टाकाव्या लागल्या. तुमच्या सड्यावर पूर येणार नाही, पण ओल्या हवेत चार महिने बंद राहणाऱ्या घराचं दुखणं त्याच जातीचं असतं.

खरं तर तुमच्या जागी मी ब्लॉकच्या आधी चिऱ्याचा भाव काढेन. देवगड-राजापूर पट्टा जांभ्याचाच आहे. खाण पंधरा किलोमीटरच्या आत असेल तर चिऱ्याची भिंत ब्लॉकइतक्याच पैशांत होते, नऊ इंच जाड मिळते आणि गवंडी तिचं काम झोपेतही बिनचूक करतो. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, उघड्यावर पडला की कडक होतो, म्हणून तोही महिना-दोन महिने आधी आणून टाका. हातोडीनं टकटक केल्यावर खणखणला पाहिजे. भद्द आवाज आला किंवा पिवळ्या-पांढऱ्या मातीनं भरलेली मोठी भोकं दिसली तर बाजूला काढा, कुंपणाला वापरा. चिरा पाणी पितो, म्हणून बाहेरून गिलावा किंवा लांब वळचण, दोन्हींपैकी एक हवंच. मन खट्टू करणारी गोष्ट एकच. बंद पडलेल्या चिरेखाणींनी आमचे सडे जखमा झाल्यासारखे दिसतात, आणि त्याच सड्यांवर पावसाळ्यात तेरडा फुलतो आणि कातळशिल्पं आहेत. परवानगीची पावती दाखवणाऱ्या खाणीतूनच चिरा घ्या.

हलके एएसी ब्लॉक (आत हवेचे बारीक बुडबुडे असलेले) तुम्ही विचारले नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. खांब-तुळयांच्या इमारतीत भरणीला ते उत्तम. तुमच्या बैठ्या, भिंतींवर तोललेल्या घराला, आणि आडव्या पावसाला, मी लावणार नाही.

छपराला लाकूड घ्या म्हटलं, त्याचं कारण हवा. कोकणात दिवस-रात्रीच्या तापमानात फार फरक नसतो. सोलापूरसारखी रात्र गार होत नाही. त्यामुळे दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ती उष्णता खाली सोडत राहतो आणि माणूस पंख्याखाली घामेजत पडतो. वाशांवर मंगलोरी कौलं, खाली हवा खेळणारा पोटमाळा, हेच इथे सुखाचं. लाकूड जुनं घ्या. मोडलेल्या घरांचे सागवानी, ऐनी वासे कणकवलीपासून कोल्हापूरपर्यंत वखारींत मिळतात. पन्नास वर्षं वाळलेल्या त्या लाकडाला आता पीळ पडत नाही. प्रत्येक नग टोकाला टोचून पाहा. भिंतीत जाणारं टोक औषधात बुडवा आणि भोवती बोटभर मोकळी जागा ठेवा, माल भरून बंद करू नका. वळचण तीन फूट बाहेर काढा. पोटमाळ्यावर माणूस उभा राहील इतकी उंची आणि एक छोटं दार ठेवा, म्हणजे वर्षातून दोनदा टॉर्च घेऊन प्रत्येक वासा बघता येईल.

३ जून २०२० ला निसर्ग वादळानं श्रीवर्धन-दापोलीकडे जी छपरं उडवली, त्यांतली कित्येक चांगल्या लाकडाची होती. वासे वॉलप्लेटला (भिंतीच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडाला) खिळलेले होते, पण वॉलप्लेट भिंतीवर नुसती ठेवलेली होती. छपराखालचा पट्टा ओततानाच त्यात दर चार फुटांवर जस्ताचा मुलामा दिलेले १२ मिलीमीटरचे बोल्ट उभे करा आणि वॉलप्लेट त्यांवर कसा. वळचणीची पहिली दोन आणि आढ्याजवळची कौलं तारेनं रीपेला (कौलांखालच्या आडव्या पट्टीला) बांधा.

वाळवीचं औषध पाया भरताना आणि जोत्याची भरणी झाल्यावर, फरशीच्या आधी, दोन्ही वेळा स्वतः उभं राहून मारून घ्या. नंतर भिंतीला भोकं पाडून मारलेलं औषध त्याची बरोबरी करत नाही.

वेळापत्रक असं धरा: ऑक्टोबरात माल, नोव्हेंबरात पाया, जानेवारी-फेब्रुवारीत भिंती, मार्चअखेर छपर, एप्रिलअखेर कौलं. मेच्या मध्यानंतर पावसाचा भरवसा नसतो. बाहेरचा गिलावा एप्रिलपर्यंत उरकला तर ठीक, नाहीतर घाईनं मेअखेर मारू नका; एक पावसाळा भिंत तशीच राहू द्या, कुठून पाणी येतं ते आत उभे राहून बघा, खुणा करा आणि दिवाळीनंतर गिलावा करा. पाया खणण्याआधी जागेच्या चारही कोपऱ्यांवर पाच फूट खोल खड्डे घेऊन त्यांचे फोटो मला पाठवा; उतारावर एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला भराव निघाला तर पायाचा नकाशा बदलावा लागेल.